कृपया बोलत राहा

त्या शनिवारी लिफ्ट बंद पडली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि ती आजही शहाण्यासारखी काचेमागे बसून आपलं काम करत राहिली असती. पण लिफ्ट बंद पडली. म्हणून भर दुपारी ओली छत्री झटकत ती जिना चढायला लागली, आणि एका वळणावर कठड्याला टेकून धापा टाकत उभा असलेला एक माणूस तिला दिसला.

"अजून किती वर?" त्यानं विचारलं.

"कुठे जायचंय त्यावर आहे."

"ते कॉम्प्युटरचे खेळ बनवतात ना... त्यांच्याकडे."

"मग अगदी वर. लिफ्ट बंद आहे, सवय करा."

तो हसला. हसताना त्याची धाप आणखी वाढली आणि त्यामुळे तीही हसली. मग दोघं बरोबरच चढायला लागले.

"मला मत द्यायला बोलावलंय तिथे," तो जरा ऐटीत म्हणाला. "नवा खेळ खेळायचा आणि काय वाटतं ते सांगायचं. मी ठरवूनच आलोय, चांगलं झाडणार आहे त्यांना."

"का बरं? त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"अहो, हल्लीचे खेळ म्हणजे घास भरवणाऱ्या आईसारखे झालेत. घास तोंडात घालायचा, वर 'आता चाव' म्हणून सांगायचं. आणि चावण्यातलं मला कळतं. मी दातांचा डॉक्टर आहे."

आता खरं तर तिनं सांगायला हवं होतं, की ते 'त्यांच्याकडे' म्हणजे आमच्याकडे, आणि ज्या खेळाला तुम्ही झाडणार आहात त्याची गोष्ट मीच लिहिलीय. तेवढं एक वाक्य. पण ती म्हणाली, "असं होय?" आणि गप्प बसली. का, ते तिला तेव्हाही कळलं नाही. पिशवीत ओळखपत्र शोधताना तिनं छत्री त्याच्याकडे दिली, आणि परत घेतली तेव्हा ती नीट घडी घालून, पट्टीचं बटण लावून तिच्या हातात आली. ओल्या छत्रीची घडी घालणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"परत भेटू," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली, आणि तो समोरच्या दारानं आत गेल्यावर बाजूच्या दारानं सटकली.

---

तिच्या कामाची रीत अशी होती. गोष्ट लिहायची ती आठवडाभर. शनिवारी मात्र बाहेरचे खेळाडू यायचे, आणि ते खेळताना त्यांच्याकडे बघत बसायचं काम तिचं. खेळाडू एका खोलीत, ती शेजारच्या अंधाऱ्या खोलीत, मधे काच. तिला तो दिसायचा, त्याला काचेत फक्त स्वतःचं तोंड दिसायचं. खेळाडूनं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं, आणि काचेमागच्या माणसानं अवाक्षर काढायचं नाही. वाट चुकला तरी नाही, चिडला तरी नाही, 'हे कुणी लिहिलंय हो?' असं ओरडला तरी नाही. खेळाडू फारच वेळ गप्प झाला, तरच माइकचं बटण दाबून एक वाक्य म्हणायची परवानगी होती. 'कृपया बोलत राहा.'

आणि दुसरा नियम याहून कडक. खेळाडूशी ओळख नको. ओळखीचा माणूस खरं बोलत नाही, मन राखतो. कुणाची ओळख निघाली, की त्याचं नाव त्याच दिवशी कमी व्हायचं.

जिन्यातली पाच मिनिटं ही ओळख धरायची का? ती त्या दिवशी काचेमागे बसली आणि तिनं मनाशी ठरवून टाकलं, की नाही धरायची.

"याला 'कृपया बोलत राहा' म्हणायची वेळ आपल्यावर येणार नाही," शेजारी बसलेला आवाजवाला थोड्याच वेळात म्हणाला. खेळातलं संगीत, पावलं, वारा, सगळं तो करायचा, म्हणून त्याला सगळे आवाजवालाच म्हणायचे.

खरंच होतं ते. पलीकडचा माणूस दिवसभर अशा लोकांशी बोलायचा ज्यांच्या तोंडात कापूस असतो. समोरून उत्तर येत नाही याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

"हा बाण कशाला?" तो पडद्याकडे बघत म्हणत होता. "दीपगृह समोर दिसतंय मला. डोळे फुटलेत का माझे? जुन्या खेळात कुणी बाण दाखवत नव्हतं. आठवडा आठवडा चुकायचो आम्ही. आणि मेलो ना मी आत्ता? लाटेनं नेलं ना? मग दोन पावलं मागे परत उभा कसा? आमच्या वेळी तीन जीव मिळायचे, तीन. संपले की पहिल्यापासून. त्यामुळे जिवाची किंमत होती. तिसऱ्या जिवावर असताना घाम फुटायचा हाताला."

"हा माणूस म्हणजे दाढदुखी आहे," आवाजवाला पुटपुटला. आणि त्या दिवसापासून काचेमागे त्याचं तेच नाव पडलं.

पण मग दाढदुखीनं खेळातल्या माणसाला समुद्राकाठी उभं केलं आणि तो जरा हळू आवाजात म्हणाला, "पाणी मात्र सुंदर केलंय हं. जुन्या खेळात पाणी म्हणजे निळा चौकोन. आणि तरी... काय गंमत आहे बघा, त्या निळ्या चौकोनात पाय भिजल्यासारखं वाटायचं. इथे सगळं खरं दिसतंय, आणि पाय कोरडे."

तिनं मान खाली घातली. ते पाणी करायला तिच्या माणसांनी वर्ष घालवलं होतं. राग यायला हवा होता. पण तिला लहानपणीचा निळा चौकोन आठवला, आणि पलीकडच्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं, की हो, अगदी, माझेही भिजायचे! तिनं पेनाचं टोपण चावलं.

---

तो पुढच्या शनिवारी आला. त्याच्या पुढच्याही. खेळ लांबलचक होता आणि त्याला शेवटपर्यंत खेळवायचं असं वर ठरलं होतं, कारण इतका बोलणारा खेळाडू कुणाला मिळाला नव्हता.

लिफ्ट सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी तो जिन्यानंच चढायचा. हे तिला पहारेकऱ्याकडून कळलं. "डॉक्टर दिसतात, पण डोक्यानं जरा..." तो म्हणाला. त्या डॉक्टरच्या आधी तासभर यायचं, मागच्या दारानं जायचं, असा तिनं आपला शनिवार आखून घेतला होता. एकदा उशीर झाला तर ती वरच्या वळणावर थांबून राहिली, खालून त्याची पावलं ऐकत. तो सावकाश चढत होता, प्रत्येक वळणावर क्षणभर थांबत होता. तिला खाली धावत जावंसं वाटलं. ती वर पळाली.

मग काचेपलीकडे तो बसायचा, बाह्या दुमडायचा, आणि मतं सुरू व्हायची.

"जुनं तेवढं सोनं असं माझं म्हणणं नाही हं," एकदा तो म्हणाला. "काही खेळ निव्वळ छळ होते. दार उघडायला टेबलाखालचा चमचा लागतो, हे कोणत्या देवाला कळणार होतं? पण ते खेळ चालू व्हायला वेळ लागायचा, ते मला आवडायचं. खेळाची कॅसेट लावायची आणि बसायचं. हात धुऊन या, दूध पिऊन या, आईची बोलणी खाऊन या, तरी चालूच होतंय. वाट बघायला मी तिथे शिकलो. आता कुणी वाट बघायला लावतच नाही."

मी लावतेय ना, ती काचेमागे मनात म्हणाली. आणि मलाही.

दुसऱ्या एका शनिवारी तो खेळातल्या कोळ्याशी बोलत होता. कोळी बोलतच सुटला होता. वादळ, बोट, बायको, सगळं.

"याची इतकी वाक्यं लिहिलीत कुणीतरी, बिचाऱ्यानं," दाढदुखी म्हणाला. "आणि मी बटण दाबून पुढे पळवतोय. जुन्या खेळात गावातल्या माणसांना एकेकच वाक्य असायचं. विहिरीजवळचा म्हातारा एवढंच म्हणायचा, 'आज पाणी गार आहे.' शंभरदा विचारा, शंभरदा तेच. तरी मी रोज जायचो त्याच्याकडे. का जायचो? काही मिळायचं नाही. पण गेलं की तो असायचा."

'बिचारी' म्हणा, 'बिचाऱ्यानं' काय, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

त्यानंतर तो दीपगृहाच्या जिन्याशी आला. खेळातला जिना उंच होता, गोल गोल वर जाणारा, आणि रिकामा. चढता चढता तो सवयीनं बोलतच होता. "जिना... पुन्हा जिना. माझ्या नशिबी जिनेच. आणि ती काही भेटत नाही. आजही नव्हती. छत्रीचं बटण इतक्या लवकर लावायला नको होतं मी, थोडा वेळ आणखी लावला असता तर..." तो थांबला. मग हसून म्हणाला, "चला, वर काय आहे बघू."

आवाजवाल्यानं हळूच वळून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पण तिचे कान लाल झालेले त्या अंधारातही लपले नाहीत.

"काय गं?"

"काही नाही."

"छत्री कुणाची?"

"पाऊस पडतो तेव्हा सगळ्यांकडेच असते," ती म्हणाली.

---

सोमवारी सगळ्यांना बसवून शनिवारचं ध्वनिमुद्रण ऐकवलं जायचं. खेळाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच हात वर करायच्या. त्या सोमवारी त्यांचा हात नेमका 'ती काही भेटत नाही'वर वर गेला.

"ही 'ती' कोण?"

आवाजवाल्याला अचानक आपल्या बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. तिनं हिशोब केला. खरं सांगावं, तर दाढदुखीचं नाव आजच कमी. म्हणजे पुढचा शनिवार नाही.

"मला वाटतं..." ती म्हणाली, "मला वाटतं, जिन्यात कुणीतरी भेटावं अशी त्याची अपेक्षा आहे."

"बरोबर!" मोठ्या बाईंनी टेबलावर थाप मारली. "मी कधीची म्हणतेय, तो जिना भकास वाटतो. खेळाडूला तिथे कुणीतरी हवंय. एक मुलगी ठेवा. छत्री द्या तिच्या हातात, तो छत्री म्हणालाय. आणि तिचे संवाद तू लिही."

अशा रीतीनं तिच्या एका लपवाछपवीपायी दीपगृहाच्या जिन्यात एक मुलगी उभी राहिली. चित्रकारांनी तिला ओले केस दिले, निळी छत्री दिली. आता ती काय बोलणार, एवढंच राहिलं होतं. आणि ते काही केल्या लिहून होईना. कितीतरी पानं लिहावीशी वाटत होती. तुम्ही जिन्यानं येता ते मला माहीत आहे. तुम्ही बाह्या दुमडता ते मला आवडतं. तुमची निम्मी मतं चुकीची आहेत आणि त्यावर मला तुमच्याशी कडकडून भांडायचंय.

ती मावशीकडे राहायची. मावशी आरामखुर्चीत बसून फोनवर एका रंगाचे फुगे फोडण्याचा खेळ खेळत होती.

"मावशी, तुला खेळात काय आवडतं?"

"कुणी हरवत नाही ते. हरवायला घरची माणसं आहेत की." मावशीनं चष्म्यावरून बघितलं. "त्या दातवाल्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय! आणखी एक शनिवार, मग खेळाचा शेवटचा भाग, की संपलं. तो शेवट मी लिहिलाय मावशी. तो बघताना त्याचा चेहरा मला बघायचाय. त्यासाठी तरी गप्प बसायलाच हवं. बोलले की त्याचं येणं बंद."

"आणि नाही बोललीस तरी दोन शनिवारांनी बंदच ना?"

"...हो."

"मग कसली राखण करत बसलीयस तू?" मावशी म्हणाली आणि फुगे फोडायला लागली.

ती खोलीत गेली. जिन्यातल्या मुलीला तिनं एकच वाक्य दिलं. मोठ्या बाईंनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. वादळातलं दीपगृह, त्यात हे कुठून आलं? "विनोद आहे," ती म्हणाली. "ठेवून बघू. नाही आवडलं तर काढू."

---

शनिवारी तो आला, बसला. आज बाह्या दुमडायला विसरला. पावसाच्या बारीक सरीनं त्याचे केस भिजले होते. आज तो कमी बोलत होता, आणि जे बोलत होता त्यात नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

"पुढच्या वेळी शेवटचा भाग म्हणे," तो म्हणाला. "बरं झालं. गुडघे दुखायला लागलेत माझे."

जिन्याचा बदललेला भाग त्याला पुन्हा खेळायला दिला होता. तो दीपगृहात शिरला. जिना चढू लागला. पहिलं वळण. दुसरं. आणि तिसऱ्या वळणावर, कठड्याला टेकून, निळी छत्री घेऊन एक मुलगी उभी.

त्यानं बटण दाबलं.

'लिफ्ट बंद आहे, सवय करा,' मुलगी म्हणाली.

त्याचे हात थांबले. त्यानं पुन्हा बटण दाबलं. 'लिफ्ट बंद आहे, सवय करा.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. काचेमागे ती पापणी न लववता बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरून आधी काहीच गेलं नाही, मग एकदम इतकं काही गेलं, की तिला ते वाचताच येईना. राग होता का? हसू होतं का? त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तो गप्प झाला.

आजवर न घडलेली गोष्ट. दाढदुखी गप्प.

घड्याळ चालत राहिलं. पडद्यावर वारा घोंघावत होता. आवाजवाल्यानं माइककडे बोट दाखवलं. नियम होता तो. म्हणायलाच हवं होतं. तिनं बटण दाबलं, आणि नेहमीचं वाक्य तिला जन्मात न उच्चारलेलं वाटलं.

"कृपया... बोलत राहा."

तो खुर्चीतच ताठ झाला. त्याला आवाज ओळखू आला होता, हे त्याच्या खांद्यांवरूनसुद्धा कळत होतं.

आवाजवाल्यानं हेडफोन काढून ठेवले, ध्वनिमुद्रण बंद केलं. "मी चहा बघून येतो," तो म्हणाला. "आणि मला यायला वेळ लागेल."

"म्हणजे तुम्ही," काचेपलीकडून आवाज आला. त्यानं वळून पाहिलं नाही. काचेकडे बघू नका असं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते तो आत्ताही पाळत होता. "म्हणजे इतके शनिवार तुम्ही इथेच होतात. आणि मी मूर्खासारखा जिने चढतोय."

माइकच्या बटणावर तिचं बोट अजून होतं. तिनं दाबलं नाही.

"बोलू नका. मला आता कळलं, तुम्हाला बोलता येत नाही. मी बोलतो, मला सवय आहे. तर... माझं मत. हा खेळ मला फारसा आवडलेला नाही."

तिनं पेन खाली ठेवलं.

"पाणी चांगलं आहे, संगीत तर फारच चांगलं. पण बाण नको होते, तो कोळी बडबड्या आहे, आणि वादळ फार लवकर थांबतं. मी दर शनिवारी खेळासाठी येत नव्हतो. सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटचं तोंड उघडलं, की मी शनिवारचा हिशोब मांडायचो. म्हणायचो, या वेळी भेटेल. न भेटता घरी जायचो आणि वाटायचं, कोण ही, पाच मिनिटं बोललो आपण, हिच्यापायी काय चालवलंय हे? पण थांबवता येत नव्हतं. आताही येत नाहीये. हे झालं माझं मत. लिहून घ्या."

तिनं काही लिहून घेतलं नाही. तिनं दोन खोल्यांमधलं दार उघडलं. ते दार खेळाडू समोर असताना कधीच उघडायचं नसतं. आत पाऊल टाकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"वादळ लवकर थांबतं म्हणजे काय? किती मेहनतीनं थांबवलंय मी ते! आणि कोळ्याची बायको वारलीय, बोलू नये त्यानं?"

तो वळला. बघतच राहिला. "वारलीय?"

"पुढे पळवलंत ना तुम्ही. ऐकलं असतंत तर कळलं असतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. पण तो हसत होता, आणि हसता हसता त्याचेही डोळे भरून आले होते. "आणखी भांडा. आवाज ऐकू दे."

"आता तुम्हाला पुढच्या शनिवारी बोलावता येणार नाही," ती म्हणाली. "मला आजच सांगावं लागेल मोठ्या बाईंना, सगळंच. आणि शेवटचा भाग... तो बघताना मला तुमचा चेहरा बघायचा होता. किती दिवस मी त्याचीच वाट बघत होते. आता तो मला कधीच दिसणार नाही, आणि तरी मी दार उघडलं. तुमच्यावर माझं प्रेम बसलंय. तुमची निम्मी मतं चुकीची असूनसुद्धा."

तो क्षणभर बोलला नाही. बोलत राहा असं त्याला आता कुणी सांगितलं नाही.

"जुन्या खेळांतली सगळ्यात चांगली गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही," मग तो म्हणाला. "इतक्या शनिवारांत एकदाही नाही. इथे एकटाच बसायचो ना, म्हणून ओठांवर यायची आणि परत जायची."

"कोणती?"

त्यानं भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची ओढली आणि आपल्या खुर्चीला अगदी लागून ठेवली.

"शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं," तो म्हणाला.

ती बसली.